अकरावं भोक

पप्पा गेले त्याच्या आदल्या दिवशी रविवार होता. सकाळी साडेसहाला त्यांनी माझ्या दारावर टकटक केलं आणि बाहेरूनच विचारलं, येणार आहेस की काल नुसतं तोंडदेखलं हो म्हणालीस? १९९३चा ऑगस्ट, म्हणजे इकडचा हिवाळा, कडक थंडी. टूनगॅबीच्या आमच्या गल्लीत सगळ्या गाड्यांच्या काचांवर पांढरा थर धरला होता, आणि पप्पा स्वयंपाकघरात सुक्या बोंबलाच्या चटणीची सँडविचेस फॉइलमध्ये गुंडाळत होते. चार त्यांची, दोन माझी, चार विवेक अंकलची. विवेक परचुरे मूळचे पुण्याचे, इंजिनियर. त्यांच्या घरी अंडंसुद्धा शिजत नसे. नेमबाजीच्या रेंजवर मात्र ते या सँडविचेसवर तुटून पडत आणि म्हणत, "ओसवाल्ड, श्यामलाला कळलं ना, तर तुझं ते खेळणं ती पहिल्यांदा माझ्यावर चालवेल."

ते खेळणं म्हणजे पप्पांचं रिव्हॉल्व्हर. नळी जेमतेम दोन इंच, चक्रात पाच घरं, तळहातात मावेल एवढं. क्लबातले बाकी सगळे लांब नळीच्या पिस्तुलांनी खेळत. छोट्या नळीची मॅच वर्षातून एकदाच व्हायची, तेव्हा ते कपाटाच्या तळातून कुठलं तरी रिव्हॉल्व्हर काढून आणत, नाहीतर उसनं घेत. पप्पा मात्र वर्षभर त्या एकाच वस्तूच्या मागे असायचे. शनिवारी संध्याकाळच्या मिस्साला जायचे ते रविवार मोकळा राहावा म्हणून. रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये चाळीस माणसांवर देखरेख करणारा हा अबोल माणूस त्या दोन इंचांबद्दल बोलायला लागला की थांबत नसे. "लांब नळी तुझ्या चुका पोटात घालते," ते म्हणायचे. "ही घालत नाही."

मला त्यात रस नव्हता. मी मागच्या बाकावर पुस्तक घेऊन बसायची, कानांवर आवाजरोधक लावून. त्या दिवशी तीच वार्षिक मॅच होती आणि गुण लिहायला माणूस कमी पडला, म्हणून रेंज ऑफिसर डगने माझ्या हातात गुणांचं कार्ड लावलेली पाटी आणि पेन्सिल दिली आणि विवेक अंकलच्या मागे उभं केलं. शेजारच्या जागेवर पप्पा होते.

पहिला टप्पा सात मीटरवरून. पाच गोळ्या, पुन्हा भरायचं, आणखी पाच. छोट्या नळीची एक खोड असते. रिकामी काडतुसं बाहेर ढकलणारी दांडीही तेवढीच आखूड, त्यामुळे ती पूर्ण बाहेर पडत नाहीत, अडकतात. रिव्हॉल्व्हर उभं धरून दांडीवर तळव्याने फटका मारावा लागतो. विवेक अंकलची दोन काडतुसं अडकली. त्यांनी मान खाली घालून ती नखाने उपसली, नवी भरली, आणि मान वर केली तेव्हा घड्याळ धावत होतं. त्यांची नळी डावीकडे वळली. पप्पांच्या टार्गेटकडे. एक गोळी तिकडे गेली. मग ते क्षणभर थबकले, नळी उजवीकडे आली, आणि उरलेल्या चार त्यांनी आपल्या टार्गेटवर मारल्या.

मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते. मला हे सगळं दिसलं.

गोळीबार थांबला. प्रत्येकाने चक्र उघडून धरलं, डगने एकेकात डोकावून रिकामं असल्याचं सांगितलं, आणि आम्ही सगळे टार्गेटपाशी चालत गेलो. विवेक अंकलच्या कागदावर नऊ भोकं होती. त्यांतलं एक जरा लांबट होतं. त्यांनी त्यावर बोट ठेवलं आणि माझ्याकडे न बघता मराठीत म्हणाले, "हे डबल आहे बघ, टेरू. एकावर एक गेल्यात. दहा लिही."

असं होतं. दोन गोळ्या एकाच भोकातून जातात, सात मीटरवरून तर नेहमी जातात. तेव्हा गुण लिहिणारा ते मान्य करतो आणि खाली सही करतो. मी दहा लिहिलं. सही केली. का केली, याची कारणं मी पुढे दोन वर्षं गोळा करत राहिले. त्यांनी माझ्या पहिल्या नोकरीसाठी शिफारसपत्र दिलं होतं. मोठ्या माणसाला चारचौघांत खोटं कसं पाडायचं? आणि शेवटी हा एक रविवारचा खेळ होता, एका भोकाने काय होणार होतं?

पप्पांच्या टार्गेटवर अकरा भोकं निघाली.

मारलेल्या गोळ्यांहून भोकं जास्त निघाली तर त्याचे अर्थ दोनच. एक तर शेजाऱ्याची गोळी चुकून इकडे आली, आणि तसं असेल तर शेजाऱ्याने स्वतःहून सांगायचं असतं. ती क्लबातली सर्वांत जुनी रीत. नाहीतर, सरावानंतर जुन्या भोकावर काळं स्टिकर लावायचं खेळाडू विसरला, किंवा विसरल्याचं दाखवलं. शेजाऱ्याची दहाही भोकं हिशोबात होती, माझ्या सहीनिशी. पप्पा डगला समजावत राहिले की यात घरंच पाच आहेत, अकरावी गोळी मी ठेवणार कुठे. डग म्हणाला की कोणी तुला चोर म्हणत नाहीये, मेट, पण नियम तो नियम. दहा गुणांचा एक नेम कापला गेला, वर दोन गुणांचा दंड. क्लबात पप्पांना ऑझी म्हणत; मागून कोणी तरी म्हणालं की ऑझीने यंदा टार्गेट घरूनच तयार करून आणलेलं दिसतंय. हसले सगळे. पप्पाही हसले, जरा उशिरा.

शेवटी ते एका गुणाने हरले. बक्षिसाची ढाल विवेक अंकलना मिळाली. त्यांनी पप्पांच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढला.

परतीच्या वाटेवर विंडसरचा पूल ओलांडल्यावर पप्पांनी विचारलं, "तू मागेच होतीस. तुला काही दिसलं का गं?"

मी म्हटलं, "नाही पप्पा."

त्या संध्याकाळी त्यांनी खिशातून दहा रिकामी काडतुसं काढून जेवणाच्या टेबलावर ओळीने मांडली आणि मम्मीला म्हणाले, मोज. मम्मीने मोजली. ते म्हणाले, पुन्हा मोज. सोमवारी दुपारच्या चहानंतर वर्कशॉपमधल्या बाकावर ते बसले ते उठलेच नाहीत. डॉक्टरांनी सांगितलं की रक्तवाहिन्या कित्येक वर्षांपासून बुजत आल्या होत्या, कधीही झालं असतं. मी स्वतः फार्मसिस्ट आहे. त्यांचा रिपोर्ट मी तीनदा वाचला, त्यात काही खोट नव्हती. विवेक अंकलनी पप्पांना मारलं नव्हतं. पण पप्पा आयुष्यातली शेवटची संध्याकाळ आपण लबाड नाही हे आपल्या बायकोला सिद्ध करून दाखवत बसले होते, आणि त्याचं उत्तर कुठल्याच रिपोर्टात नव्हतं.

शवपेटीला खांदा देणाऱ्यांत विवेक अंकल होते. दफनानंतर चर्चच्या हॉलमध्ये ते बोलायला उभे राहिले. म्हणाले, या देशात आल्यावर मला भाऊ मिळाला. म्हणाले, ओसवाल्डइतका सरळ माणूस मी पाहिला नाही. त्यांचे डोळे भरून आले होते, आणि ते खोटं नव्हतं, हे मला सर्वांत जास्त लागलं. मी कपबशी हातात धरून उभी होते. तिथल्या तिथे मी ठरवलं की या माणसाच्या टार्गेटवर एक दिवस अकरावं भोक पडेल, आणि ते मी पाडीन.

क्लबात नवीन माणसाला घ्यायचं तर दोन जुन्या सभासदांच्या सह्या लागतात. पहिली सही मागायला मी केलीव्हिलला विवेक अंकलच्याच घरी गेले. श्यामला आंटीने पोहे केले होते. अंकलनी अर्ज बराच वेळ वाचला, त्यात वाचण्यासारखं काही नसताना. मग सही केली आणि म्हणाले, "पप्पाला आवडलं असतं." मी म्हटलं, "हो ना."

पुढचे कित्येक महिने क्लबच्या लांब पिस्तुलांवर शिकण्यात गेले. पोलिसांचे कागद, परवाना, तपासणी, तिजोरी भिंतीला बोल्टने पक्की केली आहे की नाही हे बघायला आलेला हवालदार. मग एकदाचं पप्पांचं रिव्हॉल्व्हर माझ्या नावावर झालं. मूठ त्यांच्या घामाने काळवंडली होती. पहिल्या दिवशी सात मीटरवरून मारलेल्या पाच गोळ्यांपैकी दोन कागदालासुद्धा लागल्या नाहीत. दणका मनगटातून थेट दातांत गेला. डग म्हणाला की त्यापेक्षा ते फेकून मारलं असतंस तर नेम लागला असता.

मला वाटलं होतं की मला त्या वस्तूचा तिरस्कार वाटेल. तसं झालं नाही. चाप लांब ओढावा लागतो, आणि ओढता ओढता मध्येच तो जड होतो. तिथे हात घाई करतो आणि नळी हलते. घाई न करणं शिकायला मला पाच महिने लागले. मी रोज संध्याकाळी रिकाम्या रिव्हॉल्व्हरच्या नळीवर वीस सेंटचं नाणं ठेवून चाप ओढायची. नाणं पडायचं. एक दिवस पडलं नाही. मी ते तसंच ठेवून आणखी तीस वेळा चाप ओढला आणि मला हसू आलं, पप्पा गेल्यानंतर पहिल्यांदा. त्या जड जागेपलीकडे एक क्षण असा येतो, जिथे तुम्ही काहीच करत नाही आणि गोळी सुटते. त्या क्षणासाठी पप्पा शनिवारीच देवाला भेटून यायचे, हे मला तेव्हा कळलं. आणि कळलं म्हणून राग आणखी वाढला. त्यांच्याकडून हे शिकता आलं असतं. मी मागे बसून पानं उलटत होते.

माझ्या योजनेला नुसता नेम पुरत नव्हता. गोळी अंकलच्या टार्गेटच्या मधोमध घालणं सोपं होतं. अवघड होतं ते आपल्या कागदावर नऊ गोळ्या अशा लावणं, की त्यांतली दोन भोकं कडेला खेटून लांबट दिसतील, आणि मला त्यांतल्या एकावर बोट ठेवून डबल म्हणता येईल. त्यासाठी मी जवळजवळ एक वर्ष खर्च केलं. काडतुसं उपसायचा फटका तर मी इतका घोटला की ती दर वेळी पाचच्या पाच जमिनीवर पडत. मला मान खाली घालावी लागत नव्हती. मी जेव्हा शेजारच्या टार्गेटकडे वळेन, तेव्हा ते चुकून नसेल.

दर रविवारी विवेक अंकल उलटा फेरा घालून मला न्यायला येत. बोंबलाची चटणी आता मी करायची. चार सँडविचेस त्यांची. ते खाताना डोळे मिटत आणि म्हणत, "सेम टू सेम, ओसवाल्डचीच चव." गाडीत ते मुलांबद्दल बोलत, मॉर्गेजबद्दल, पुण्यातल्या आईच्या गुडघ्यांबद्दल. माझी मूठ पप्पांसारखी आहे असं त्यांनी चार लोकांना सांगितलं. मी वाट बघत होते. हे मला लिहायला हवं, नाहीतर मी आहे त्याहून पक्की वाटेन. त्यांनी एकदा तोंड उघडलं असतं तर मी सगळं सोडून दिलं असतं. एकदा विंडसर रोडच्या सिग्नलला ते म्हणाले, "ओसवाल्ड त्या दिवशी..." आणि थांबले. सिग्नल हिरवा झाला. मागच्याने हॉर्न दिला. ते म्हणाले, "त्या दिवशी फार छान खेळला तो." मी म्हटलं, "हो, एका गुणाने हरले." त्यांनी गिअर टाकला.

१९९५च्या ऑगस्टमध्ये मॅच आली तेव्हा विवेक अंकल क्लबचे कॅप्टन होते. जागा चिठ्ठ्या टाकून ठरतात. मी कॉलीनला, म्हणजे चिठ्ठ्या काढणाऱ्या निवृत्त शिक्षिकेला, पप्पांची आठवण म्हणून अंकलच्या शेजारची जागा मागितली होती. ती म्हणाली की त्यात काय, लव्ह, आणि माझे गुण लिहायलाही तीच माझ्या मागे उभी राहिली.

सात मीटर. शिट्टी झाली. पहिल्या पाच गोळ्या मी आपल्या कागदावर मारल्या. तिसरी आणि चौथी हव्या तशा खेटून गेल्या. चक्र उघडलं, फटका मारला, पाचही रिकामी काडतुसं खाली पडली, नवी भरली. मग मी उजवीकडे वळले. अंकलचा दहाचा वर्तुळाकार काळा भाग माझ्या नळीच्या टोकावर आला. चाप ओढला. ती जड जागा आली आणि गेली. माझ्या आयुष्यातला तो सर्वांत चांगला नेम होता. मग मी शांतपणे डावीकडे येऊन उरलेल्या चार संपवल्या.

डगने सगळी चक्रं तपासली. आम्ही टार्गेटपाशी गेलो. कॉलीनने माझी भोकं पेन्सिलने एकेक करून मोजली. नऊ. ती त्या खेटलेल्या दोन भोकांपाशी थांबली आणि म्हणाली, "डबल आहे का? तू सांगशील ते लिहीन."

तिने माझ्याकडे बघितलं नाही. तेव्हा मला कळलं की ती माझ्या मागे दोन हातांच्या अंतरावर उभी होती आणि तिला सगळं दिसलं होतं. आणि तरी ती दहा लिहिणार होती. मी हो म्हणायला तोंड उघडणार, एवढ्यात शेजारी गलका झाला. विवेक अंकलच्या कागदावर अकरा भोकं निघाली होती. त्यांचे गुण लिहिणाऱ्याने दोनदा मोजली. लोक जमले. कोणी तरी म्हणालं की कॅप्टनला चष्मा बदलायला हवा.

अंकल हातात टोपी घेऊन आपल्या टार्गेटकडे बघत होते. मी या चेहऱ्याची दोन वर्षं वाट पाहिली होती. ते आरडाओरडा करतील, माझ्याकडे बोट दाखवतील, आपल्यात घरंच पाच आहेत हे डगला पटवत बसतील आणि लोक हसतील, असं मी कितीदा तरी मनात बघून ठेवलं होतं. त्यांनी त्यातलं काहीच केलं नाही. ते डगला म्हणाले की चूक माझी आहे, सरावाचं एक भोक बुजवायचं राहिलं असणार. दहा काप, दंड लाव. डग म्हणाला की शेजाऱ्याची गोळी आहे का ते तरी विचारू. अंकल म्हणाले, नको, माझंच आहे.

मग ते माझ्याजवळ आले. बाकीच्यांना कळू नये म्हणून मराठीत, आणि गाडीत बोलत तितक्याच हळू आवाजात म्हणाले, "फिटलं ना आता, टेरू?"

त्यांना सगळं ठाऊक होतं. आजचंच नाही. मला त्या दिवशी दिसलं होतं, हे त्यांना त्याच दिवसापासून ठाऊक होतं. म्हणून अर्जावर सही, म्हणून उलटा फेरा, म्हणून सँडविचेसचं कौतुक. दोन वर्षं आम्ही दोघं एका गाडीत बसून एकच गोष्ट बोलत नव्हतो. आणि आता ते एका दहात आणि दोन गुणांच्या दंडात सुटणार होते. भोकावर काळं स्टिकर लागेल, पुढचा टप्पा सुरू होईल, संध्याकाळी ते मला टूनगॅबीला सोडतील आणि पुढच्या रविवारी पुन्हा येतील, हलके होऊन. पप्पा मात्र या माणसांच्या लेखी जसे होते तसेच राहतील. मी दोन वर्षं घालवून विवेक अंकलना एवढी स्वस्त माफी विकत घेऊन दिली होती.

आणि ती त्यांच्या एकट्यासाठी नव्हती. कॉलीनची पेन्सिल अजून माझ्या कार्डावर थांबली होती.

"नाही," मी म्हटलं. मग इंग्रजीत, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "डग, डबल नाहीये. यांच्या टार्गेटवरची अकरावी गोळी माझी आहे. मी मुद्दाम मारली."

डगने कानांवरचं काढलं. तो म्हणाला की टेरी, तू काय बोलतेयस त्याचा अर्थ तुला कळतो ना, परवाना जाईल तुझा. मी म्हटलं की कळतो. विवेक अंकलनी माझा दंड धरला. "टेरू, बास. पुरे झालं. घरी बोलू."

"घरी आपण बोलत नाही, अंकल," मी म्हटलं आणि दंड सोडवून घेतला.

सगळे आता जवळ सरकले होते. ऑझीने टार्गेट घरून आणलं असं म्हणून हसलेली माणसं त्यांत होती. मी त्यांच्याकडे बघून सांगायला सुरुवात केली. दोन वर्षांपूर्वी याच टप्प्यात, भरून झाल्यावरची विवेक परचुऱ्यांची पहिली गोळी माझ्या वडिलांच्या टार्गेटवर गेली. त्यांनी मला डबल लिहायला सांगितलं. लिहिलं मी. सही माझी आहे, कार्ड तुमच्या कपाटात असेल, काढून बघा. माझ्या वडिलांनी एकही भोक उघडं ठेवलं नव्हतं.

अंकल खाली बघत होते. त्यांनी नाही म्हटलं नाही. मला वाटलं होतं की इथे थांबता येईल. पण थांबले असते, तर सगळं त्यांच्यावर टाकून मी मोकळी झाले असते, आणि माझं स्वतःचं खोटं तर अजून शाबूत होतं.

"पप्पांनी मला गाडीत विचारलं होतं," मी म्हटलं. हे मराठीत आलं, आणि कोणासाठी आलं ते मला ठाऊक होतं. "मी नाही म्हटलं. मला दिसलं होतं, पप्पा. मला सगळं दिसलं होतं."